फेकायला दिलेल्या बिया

ऋषिपंचमी. गणपती बसवल्याचा दुसरा दिवस, आभाळ झाकलेलं. हजर: आई, मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, धाकटी बहीण बेबी, आणि मी, शोभा, नववीतली. बाबा पहाटेच सायकलनं वरठीला कारखान्यात गेलेले. शेजारची गिरजाबाई कुंपणाच्या पलीकडे.

माझ्या जुन्या वहीत त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिलेलं आहे. पुढचं पान कोरं आहे. मला लहानपणापासून नोंदी करायची सवय. घरात काय आलं, काय संपलं, कोणाकडून डबा परत यायचा आहे, हे आई मलाच विचारायची. आज मी भंडाऱ्यात मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते, साठ ताटांचा हिशेब डोक्यात असतो, आणि तरी रोज वही लिहिते. त्यामुळे ते कोरं पान मला जास्तच डाचतं. ते आता इथे भरते.

त्या वर्षी आमच्या वाडीत लवकी फार आली. पुस्तकात जिला दुधी भोपळा म्हणतात तीच. घरामागच्या वाडीत आईनं गोठ्याच्या भिंतीला लागून आळी केली होती. मृगात बी टाकलं, आणि पोळ्यापर्यंत वेलींनी गोठ्याच्या छपराचे कवेलू दिसू दिले नाहीत. सकाळी मागचं दार उघडलं की आधी पांढरी फुलं दिसायची, मग पानांखाली लोंबणारी फळं. बेबीला खांद्यावर घेऊन मी ती तोडायचे. तोडलेल्या लवक्या ओट्यावर ओळीनं झोपवून ठेवलेल्या असायच्या, आणि बाबा कामावरून आले की म्हणायचे, "पाहुण्यायले जागा ठेवा बाप्पा जराशी."

आईनं त्या लवकीचं काय काय केलं! पहिला आठवडा चणाडाळ घालून भाजी. मग तळ्याच्या वाळलेल्या झिंग्यांसोबत रस्सा. तो शिजताना वास वेशीपर्यंत जायचा आणि बाबा दोन वाट्या भात जास्त खायचे. मग बेसन लावून, मग किसून थालीपीठ, मग दह्यातलं रायतं. सालीसुद्धा टाकायची नाही. तव्यावर तेलात कुरकुरीत करून जवसासोबत कुटली की चटणी. कोवळ्या बियांचा गर वेगळा काढून मिरचीसोबत वाटायची. उडदाच्या डाळीत कीस घालून वड्या घातल्या होत्या, पण ऊन पडेना, म्हणून सुपं घेऊन आम्ही दोघी बहिणी दिवसभर आतबाहेर करायचो. बेबी एकदा ताटासमोर बसून रडायलाच लागली, "आज तरी दुसरं काही कर न माय." आईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "केलं न. आज चौकोनी चिरली."

प्रत्येक लवकी चिरायच्या आधी आई देठाकडची एक पातळ चकती कापायची, जिभेला लावायची, थुंकून टाकायची आणि मगच विळीवर बसायची. मी विचारलं होतं, काहून? ती म्हणाली, "एखादी कडू निघते. कडू लवकी पोटात जाऊ देऊ नये. माणूस जाते त्यानं." एवढंच. आमच्याकडे बायका हे शिकवत नाहीत, करून दाखवतात.

आता बियांचं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गिरजाबाई आमच्या कुंपणापलीकडे एकटी राहायची. नवरा कधीच वारला होता, मुलगी कोंढ्याला दिलेली. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, बायकांची टोळी घेऊन ती धानाच्या बांध्याबांध्यांतून फिरायची. तिच्यासारखा हात गावात नव्हता आणि तिच्यासारखी जीभही. बांधीवर पाणी न्यायला ती तुंबा वापरायची. कडू भोपळा वेलीवरच वाळू द्यायचा, देठाजवळ भोक पाडायचं, आतला भुसा आणि बिया काढायच्या; पाणी थंडगार राहतं. त्या उन्हाळ्यात तिनं नवा तुंबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तुई बोटं बारीक हायत पोरी. तार घालून आतलं काढून दे. आन बिया फेकून देजो बरं, पेरजो नको. जहर कडू हाय हा."

मी तार घालून तुंबा साफ केला. बिया टपोऱ्या होत्या, एकसारख्या. फेकायला दिलेली वस्तू फेकणं मला आजही जमत नाही. मी त्या कागदात बांधल्या, वर ‘लवकी’ लिहिलं, शाळेत दाखवू म्हणून बियांच्या डब्यात ठेवल्या आणि विसरून गेले. मृगाच्या आधी डबा आवरायला घेतला तर लवकीच्या दोन पुड्या निघाल्या. एकाच वाणाच्या दोन पुड्या कशाला, म्हणून दोन्ही एकत्र केल्या, कागद झटकला, डबा नीट लावला. आईनं डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "माझी पोट्टी भल्ली कामाची हाय." त्या शब्दांनी मी दिवसभर फुगून होते.

ऋषिपंचमीचा उपास आमच्याकडे मोठी आई करायची, आणि तिच्यासोबत आई. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातला भात नाही, डाळ नाही. तळ्याच्या कडेला आपोआप उगवतो तो देवभात, आणि वाडीत हातानं लावलेली भाजी: अळूची पानं, अंबाडी, दोडका, मक्याचे दाणे, लवकी, सगळं एकत्र. भाजी शिजली की आधी सात ऋषींचा नैवेद्य, मग व्रत करणारीचं पान. नैवेद्याआधी चमचासुद्धा जिभेला लावायचा नाही. मोठी आई त्याबाबतीत फार कडक होती. तोवर पाणीही घ्यायची नाही.

आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी लवक्या तोडत होतो. गिरजाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"अव माय कांताबाई, लवकीनं तं तुमचा गोठाच गिळला!"

"घेऊन जाय न दोन," आई म्हणाली. "आम्ही खाऊन खाऊन हैरान झालो."

"दोन देसान तं उद्या लोकं म्हणतीन, गिरजीचं घरबी गिळलं. माह्या घरी खाणारं तोंड एकच हाय, तेबी बोलण्यातच गुंतून राहते."

आई हसली आणि टोपली घेऊन आत गेली. गिरजाबाई कुंपणावरून वाकून वेलीकडे पाहत राहिली. एका बाजूची वेल उशिरा फळली होती. तिची फळं लांबट नव्हती; खाली गोल, वर मान.

"हे गोल गोल कोठून आलं वो शोभे? या वेलीचं लक्षण मले बरोबर नाही दिसून राहिलं. चिरान तं चाखून घेजा."

"उद्या नैवेद्याचं हाय, चाखत नाही."

"नैवेद्याचं असन तरी जिभेले लावून थुकून टाकाव माणसानं. देव का मारून राहिला काय?"

मोठी आई मागच्या दारात बसून अंबाडी निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं. "आमच्या वेलीचं लक्षण पाहाले तुले कोणं बोलावलं वो गिरजे?" ती म्हणाली. "सनासुदीचं तोंड सांभाळावं बाईनं." गिरजाबाई हात झटकून निघून गेली. मी त्या गोल लवक्यांकडे पाहिलं. काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्याच वेळी बेबीनं हाक मारली आणि मी आत गेले. मला खरंच आठवलं नव्हतं की आठवायचं नव्हतं, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी नैवेद्यासाठी मोठ्या आईनं स्वतः निवडून गोल लवकी घेतली, दिसायला सुबक म्हणून. आईनं सवयीनं देठाकडची चकती कापली आणि हात तोंडाकडे नेला. "कांता," एवढंच मोठी आई म्हणाली. आईनं चकती भाजीत टाकली.

पूजा झाली, पानं वाढली. मी आणि बेबी आधीच जेवलेल्या, सकाळच्या लांबट लवकीची भाजी. आईनं पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "बाई, कडू लागून राहिली."

"अंबाडी जून असन. व्रताची भाजी असतेच कडूतुरट."

"नाही बाई, खाऊ नका. लवकी कडू हाय."

"देवाच्या पानाले नाव ठेवतं?" मोठी आई म्हणाली. तिनं आपलं पान संपवलं. आई खाईना तेव्हा व्रताचं पान टाकायचं नाही म्हणून आईचंही पान तिनं आपल्याकडे ओढलं. डोळे मिटून, पाण्याच्या घोटासोबत एकेक घास. मी दाराशी उभी होते. त्या क्षणी मात्र मला पक्कं आठवलं: मांडीवरचा तुंबा, तार, टपोऱ्या बिया, दोन कागद. तोंड उघडलं असतं तर निम्मं पान तरी वाचलं असतं. मी उभीच राहिले.

अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पाणी, मग रक्त. हात बर्फासारखे, घाम वाहतोय, आणि ती सारखी म्हणत होती, "मले निजू द्या." आई तिचे पाय चोळत होती. बेबी न सांगता गल्लीत धावली आणि किराणावाल्याची मालवाहू जीप घेऊन आली. मागे खताच्या रिकाम्या पोत्यांवर तिला निजवलं. आईसोबत जीपमध्ये गिरजाबाई चढली. कोणी बोलावलं नव्हतं. भंडाऱ्यापर्यंत मोठ्या आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

मोठी आई पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आल्याआल्या विचारलं होतं, "कडू दुधी खाल्ला का?" जीव वाचला. पण अंगातलं काहीतरी कायमचं गेलं. पुढे ती मऊ भात आणि ताक यापलीकडे फारसं खाऊ शकली नाही. झिंग्यांचा वास आला की उठून बाहेर जायची.

ती घरी आली तेव्हा वेली नव्हत्या. बाबांनी सगळ्याच उपटल्या, कारण कोणती गोड आणि कोणती कडू याचा आता कोणाला भरवसा वाटेना. ओट्यावरच्या, शिंक्यावरच्या, शेजाऱ्यांकडून परत आलेल्या लवक्या खड्ड्यात टाकल्या. गाईलाही दिल्या नाहीत. अर्धवट वाळलेल्या वड्या आईनं स्वतःच्या हातानं चुलीत घातल्या. त्या रात्री आमच्याकडे नुसता भात आणि मीठ होतं.

मग प्रश्न सुरू झाला. मोठी आई बाजेवर पडल्यापडल्या येईल त्या बाईला विचारायची, "गोड वेलीले कडू फळ लागलंच कसं? तिनं आदल्या दिवशीच सांगतलं होतं, लक्षण बरोबर नाही म्हणून. तिले कसं समजलं?" बाया एकमेकींकडे पाहायच्या. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "वैनी, नजरेनं लवकी कडू होत नाही."

"मंग कायनं झाली? सांगा न भाऊजी."

बाबा उठून गोठ्याकडे गेले. उत्तर माझ्याकडे होतं. मी कोपऱ्यात बसून वहीला कव्हर घालत होते.

पुढचा रोवणा आला तेव्हा गिरजाबाईच्या टोळीत बाया आल्या नाहीत. कोणी भांडलं नाही. एकीचं पोर आजारी, दुसरीचं माहेर निघालं. बाया आमच्याच विहिरीवर तिच्यासमोर पदरानं घागर झाकून घ्यायच्या. एका घरी बारशाला गेली तर तिला पाळण्यापर्यंत जाऊ दिलं नाही. आई तिच्याशी बोलायची, पण कुंपणाशी नाही. वाटेत गाठ पडली तरच.

एका दुपारी मी मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. घरात कोणी नव्हतं. गिरजाबाई आली आणि पायरीखाली उकिडवी बसली. पहिल्यांदाच तिला काही मजेचं बोलायचं नव्हतं.

"शोभे, एक गोष्ट खरी सांगशीन? त्या तुंब्याच्या बिया तू फेकल्या होत्या न?"

मी मान वर केली नाही. "हो."

"कोठी फेकल्या?"

"बांधीत. तळ्याकडच्या."

मला कोणी बांधीचं विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं, खोटं नीट बसावं म्हणून.

तिनं पायरीवर सांडलेले तांदूळ उचलून माझ्या सुपात टाकले. मग म्हणाली, "मले वाटे, माह्याच तुंब्यानं घात केला. म्हणून तोंडातून निघालं असन, चाखून घ्या म्हणून. पण तू फेकल्यास म्हणते..." तिनं स्वतःचे डोळे पदरानं पुसले, रडत नव्हती, नुसतेच पुसले, जसा एखाद्या वस्तूवरचा डाग पुसावा. "मंग मलेच माहीत नाही बाप्पा, म्या काहून म्हटलं ते."

दिवाळीआधी तिची मुलगी येऊन तिला कोंढ्याला घेऊन गेली. तुंबा तिनं आमच्या कुंपणावर टांगून ठेवला होता. आईनं तो कुठे टाकला, मी विचारलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात नियम आहे: लवकी, काकडी, दोडका, दोन्ही टोकांकडून चाखल्याशिवाय विळीवर घ्यायचं नाही. नव्या बाया हसतात. मी कारण सांगते, डॉक्टरनं सांगावं तसं, आणि नावं गाळते. मोठी आई म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत गिरजीची नजर म्हणत. आईनं कधी विषय काढला नाही, मीही नाही.

या पावसाळ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर मी लवकी लावली. खात्रीचं बी विकत आणून. का लावली ते विचारू नका. मुलींना ताजी भाजी मिळावी, असं समितीला लिहून दिलं आहे. आणि ती अशी फळली की तीन आठवडे साठ मुली लवकीच खात आहेत. चणाडाळ, बेसन, थालीपीठ, सालीची चटणी, सगळं आईच्या क्रमानं. एक पोरगी परवा म्हणाली, "मावशी, आज तरी दुसरं काही." मी म्हटलं, "आज चौकोनी चिरली आहे," आणि मग भांडारघरात जाऊन थोडा वेळ बसले.

काल सहा लवक्या चाखून पिशवीत घातल्या आणि कोंढ्याला गेले. गिरजाबाई आहे, हे मला माहीत होतं. चौकशी मी ठेवून होते. ओसरीत बसली होती, पार वाळलेली. माझ्या आवाजावरून तिनं ओळखलं. "कांताबाईची शोभा! अव माय, केस तं माह्याहून पांढरे करून घेतले तू." मी हसले. पिशवी उघडून लवक्या पुढे ठेवायला लागले तसा तिनं चेहरा पटकन दुसरीकडे फिरवला.

"झाक वो पोरी. झाक ते. म्या कोणाच्या भाजीकडं पाहत नाही."

आतून तिच्या नातवाची बायको लेकराला कडेवर घेऊन आली, भाताची ताटली हातात. लेकराला भरवायला बसली तशी गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. इतक्या सवयीनं, की त्या घरात कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. नातसून मला म्हणाली, "आजी असंच करतात. पोरगं जेवलं की वळतात."

मी वाक्य पाठ करून गेले होते. एसटीत दोनदा म्हणून पाहिलं होतं: गिरजाबाई, बिया मी फेकल्या नव्हत्या. सहा शब्दसुद्धा नाहीत. भिंतीकडे वळलेली ती पाठ माझ्यासमोर होती, हाताच्या अंतरावर. लेकरानं भात संपवला, तोंड पुसून झालं, ती वळली, मला म्हणाली, "चहा घेशीन न?" मी चहा घेतला. तिनं आईचं विचारलं, बेबीचं विचारलं, मुली किती आहेत वसतिगृहात ते विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग गाडीची वेळ झाली असं म्हणून उठले. गाडीला अजून पाऊण तास होता. तो मी थांब्यावर उभी राहून काढला.

कालच्या पानावर दोन ओळी आहेत. ‘कोंढा, लवक्या सहा, चाखून पोचवणे.’ त्यापुढे बरोबरची खूण. तिच्याखाली: ‘गिरजाबाईला बियांचं सांगणे, घरच्यांसमोर.’ त्यापुढे काही नाही. गच्चीवरच्या लवक्या आज सकाळी मोजल्या. तोडायच्या अजून नऊ आहेत.